दुसऱ्या बाजूची रिंग

तो दारातून आत आला तोच कपाळ आपटून. खांद्याला एक लोखंडी रिंग अडकवलेली, एक हात कपाळावर.

शिलाई मशीनवरून तिने मान वर केली. "दार वीस वर्षं तिथंच आहे. तुम्हीच नवीन दिसता."

हा वेल्डर. उंची अशी की गाव त्याला शिडीच म्हणे. आणि ती शिवणकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. जिभेची धार बघून सख्ख्या आईनेच तिचं नाव कात्री पाडलेलं. शाळेशी तिचं चौथीतच बिनसलं, पण आकडे पक्के होते. बोलणं त्याहून पक्कं.

"या रिंगला जाळी विणून मिळेल?"

"मासे धरायचेत?"

"नाही... चेंडू."

"धरायचा, आणि खालून सोडूनही द्यायचा? धन्य आहे."

तो हसला. हसत हसत निघाला आणि पुन्हा आपटला. त्या दुपारी तिने एकच बाही दोनदा उलटी लावली. आई नुसती खाकरली.

उन्हाळा सरता सरता दरवर्षी एक फिरता संघ ट्रकमधून गावात येई आणि बास्केटबॉलचे प्रदर्शनीय सामने करी. त्यांचे खेळाडू बोटावर चेंडू फिरवत, डोळे बांधून बास्केट करत. शेवटी गावच्या पोरांना वीसेक गुणांनी हरवत, वर पाठही थोपटत. गावाकडे बंद गिरणीचं अंगण होतं, आणि त्या अंगणात रिंग एकच, गंजलेली. बारा महिने सगळे तिच्याकडेच तोंड करून खेळत. समोरची रिंग पाहुणे घेऊन येत नि घेऊन जात. यंदा शिडीने हट्टाने गावाची स्वतःची दुसरी रिंग जोडली. कात्रीने तिला पांढऱ्या दोरीची जाळी विणली, अशी घट्ट की बघत राहावं.

गुणांच्या पाट्या टांगायला कात्रीलाच उभं केलं, जुन्या रिंगखाली. ती कुणाच्या बापाला भीत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी मात्र पाहुण्यांना घाम फुटला. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता गावाने नव्या रिंगवर टाकायचं होतं. शेवटचे काही सेकंद, एक्केचाळीस-एक्केचाळीस. चेंडू शिडीच्या हातात आला. तो वळला, धावला, उडाला... इतकी देखणी उडी गावाने पाहिली नव्हती. चेंडू रिंगमधून अलगद उतरला.

जुन्या रिंगमधून! स्वतःच्याच संघावर बास्केट.

"कात्रे, पाटी लावू नकोस गं!" कुणीतरी ओरडलं. पाहुण्यांचा कप्तानही हसून म्हणाला, "बरोबरीत सोडू या की."

तिने शिडीकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच बघत होता. तरी पाहुण्यांच्या खिळ्यावर त्रेचाळीसची पाटी गेली ती गेलीच. "पडला तो पडला," ती म्हणाली.

गाव पोट धरून हसलं. शिडी मान खाली घालून निघून गेला.

सकाळी आईने कापड फाडता फाडता बातमी दिली, "तुझा तो लांबट ट्रकबरोबर चालला म्हणे. त्यांना सामान जोडायला माणूस हवाय."

"माझा कशाने?"

"मग बस शिवत."

ती चपला न घालताच निघाली. अंगणात शिडी नव्या रिंगचे नट काढत होता. फाटकाशी ट्रक घरघरत होता.

"कुणाच्या परवानगीने काढताय?"

"मीच जोडली होती."

"जाळी माझी आहे."

त्याने पाना खाली ठेवला. "एक पाटी... एक पाटी लपवली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"खोट्या बरोबरीत तुम्हाला बघायचं नव्हतं मला." तिने आवाज चढवला. "आणि तक्रार माझी आहे! एवढी जाळी विणली, ती सोडून त्या गंजक्या कड्याकडे धावलात. का?"

 तो कानामागे खाजवत म्हणाला, "सगळे म्हणतात, सवय. पण... पाट्यांपाशी तू उभी होतीस. पाय तिकडेच वळले."

 ट्रकने हॉर्न दिला. कात्रीने पदर खोचला, पाट्यांचा फळा उचलला आणि अंगणभर फरफटत आणून नव्या रिंगखाली टेकवला. मग स्वतः त्याच्याशेजारी उभी राहिली.

"आता इकडे टाका," ती म्हणाली. "मी असेन तिकडे... एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे."

ट्रक तसाच गेला.

चाळीस वर्षं झाली त्याला. अलीकडे शिडीला खूप गोष्टी आठवत नाहीत. सुनेचं नाव निसटतं, पाण्याला उठतो आणि घराच्या मधोमध थबकतो, कुठल्या दारातून जायचं ते कळेनासं होऊन. सून धावते. सासूबाई तिला हाताने अडवतात.

त्या काही सांगत नाहीत. उठतात, गुडघ्याला दोन शिव्या घालतात आणि योग्य त्या दारात जाऊन उभ्या राहतात.

तो बघतो. चेहरा उजळतो. पाय तिकडेच वळतात.

"डोकं सांभाळा," त्या म्हणतात. "दार अजून तिथंच आहे."