तीन रेघांची आई

जपानी हायकू तीन ओळींचा, म्हणून माझं चित्रही तीन रेघांचं. टॅबवर काढते. एक रेघ मानेची, एक पाठीची, एक पदराची. झाली पाठमोरी बाई. लोक विचारतात, ही कोण? आई, दुसरं कोण! नवऱ्याला सोडून मी निपाणीहून येळ्ळूरला माहेरी परत आले, त्या दिवसापासून तिनं मला पाठच दाखवली. भाकरी मागं सरकवायची, पण वळायची नाही. शेवटी मी बेळगावात खोली घेतली आणि तिची पाठ काढत बसले. एकदा माझा भाऊ शामू यानं तिला चित्र दाखवलं.

"ह्यात तोंड कुठं हाय?" ती त्याला म्हणाली.

"तू दाखव की, काढते," मी दारातनं म्हणाले. वळली नाही.

परवा ती गेली. शामूचा फोन आला तो तिला स्मशानात नेल्यावर.

"तिनंच तसं सांगितलं हुतं, आक्का."

मेल्यावरसुद्धा तोंड दाखवायचं नव्हतं तिला. इतका राग! मी पोचले तेव्हा चिता पेटली होती. मी रडलेही नाही.

जीव गेला त्या जागी मावशीनं पीठ पसरलं, दिवा लावला, वर वेताची पाटी पालथी घातली. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटेल, त्या जन्माला माणूस गेलं म्हणायचं. माझा विश्वास नाही. उंदीर फिरतो आणि लोक त्याला पाखरू म्हणतात.

सकाळी मावशीनं पाटी उचलली.

पिठात तीन रेघा होत्या. मान, पाठ, पदर.

"सापाचा जन्म गं बाई," मावशी पुटपुटली.

खांद्यापाशी मी पेन उचलते, तिथं रेघ जराशी तुटते. पिठातही तिथंच तुटली होती.

शामूनं माझ्याकडं बघितलं. "रात्री तू आत आलतीस काय?"

"आले असते तर तोंड काढलं असतं."

त्यानं घाईघाईनं पीठ गोळा केलं.

दुपारी खोलीवर आले. टॅब तिथंच टेबलावर राहिला होता. आईचं चित्र उघडलं.

डावीकडचा पदर उजवीकडं होता.

बाई वळली होती.

"वळलीस व्हय गं एकदाची?" मी म्हणाले.

मग चौथी रेघ दिसली. बारीक, आडवी. मी काढलेली नव्हती.

ओठ होते ते. घट्ट मिटलेले.