ज्याचं त्याचं गाणं

तिसऱ्या अंकातलं पद संपलं आणि सांगलीचं ते नवं नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. आठशे माणसं डोळे पुसत होती. केतकी आष्टेकर घामाघूम होऊन रंगपटात आली, तोच एक ओळखीचं जोडपं भेटायला आलं.

"काय संथ गायलात हो! एकेक सूर कसा ठेवलात," बाई म्हणाल्या.

"संथ?" त्यांचे यजमान चकित झाले. "अगं, तानांचा पाऊस पाडला त्यांनी!"

दोघं हसत, एकमेकांना वेड्यात काढत निघून गेली. केतकीला मात्र हसू येईना. तिनं पद मध्य लयीत गायलं होतं आणि तान एकही घेतली नव्हती.

तशीच, तोंडाचा रंगही न पुसता, ती डॉ. हिमांशू बोडसांच्या ध्वनिकक्षात शिरली. या नाट्यगृहातली 'स्वकर्ण' यंत्रणा त्यांनीच बसवली होती. केतकीच्या समजुतीप्रमाणे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचवणं, एवढंच त्या यंत्रणेचं काम.

"डॉक्टर, लोक नक्की काय ऐकतात?"

"जे त्यांना हवं असतं ते," बोडस शांतपणे म्हणाले. "खुर्चीच्या हातात संवेदक आहेत. नाडी, श्वास, तळहाताचा घाम. कोणत्या सुरानं या माणसाच्या अंगावर काटा येतो, हे यंत्र दोन-तीन प्रयोगांत शिकतं. मग टॉर्चच्या झोतासारखा आवाजाचा बारीक झोत त्या एकाच खुर्चीवर सोडतं. शेजाऱ्याला तो ऐकू जात नाही."

"आणि माझा आवाज?"

"तो उलट्या लहरींनी पुसला जातो. नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतील ना."

केतकीनं काचेतून खाली, रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"ताई, मशालीच्या उजेडात नट गायचे तेव्हा आवाज लांब जावा म्हणून पट्टी चढी असायची," बोडस समजावू लागले. "ऑर्गन आला, सुराला भक्कम आधार मिळाला. मायक्रोफोन आला, कुजबुजसुद्धा गाण्यात आली. प्रत्येक शोधानं गाणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या आणखी जवळ नेलं. मी तर थेट मनात नेलं."

"मला नाही नेलंत. मला दारातच उभं केलंत."

एक प्रयोग यंत्राशिवाय करू द्या, असा तिनं बोडसांकडे हट्ट धरला. शेवटी एका प्रयोगासाठी यंत्रणा बंद ठेवायला ते तयार झाले. "पण लोक सहन करतील असं वाटत नाही," एवढंच म्हणाले.

रविवारी दुपारचा प्रयोग होता. केतकीनं मिरजेहून आईला मुद्दाम बोलावून घेतलं. लहानपणी पहाटेच्या रियाजाला हीच आई तंबोरा धरून बसायची. इतरांना नाही कळलं तरी तिला कळेल, असं केतकीला वाटत होतं.

पहिला अंक ती जीव ओतून गायली. पण सभागृहात चुळबुळ सुरू झाली. कुणी खुर्चीचे हात चाचपून पाहिले, कुणी शेजाऱ्याकडे बघितलं. पदाच्या शेवटी दहा-बारा टाळ्या पडल्या, त्याही चुकल्यासारख्या.

मध्यंतरात आई काठी टेकत रंगपटात आली. तिनं लेकीच्या कपाळाला हात लावला.

"बरं नाही का गं तुला? आज आवाज असा परका का लागतोय?"

"आई, हाच माझा आवाज आहे."

"वेडी की काय! रोज फोनवर ऐकते ना मी तुझी पदं. तुझा आवाज मला ठाऊक नाही?"

केतकीनं दारात उभ्या असलेल्या बोडसांकडे पाहिलं.

त्यांनी नजर चुकवली. "फोनमध्येही तीच यंत्रणा आहे, ताई. चार वर्षं झाली."

"पुढच्या अंकात तुझ्या आवाजात गा, बाळा," आई काकुळतीनं म्हणाली. "एवढ्या लांबून आलेय मी."

दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. पहिल्या रांगेत आई हात जोडल्यासारखी बसली होती. वर, काचेमागे, बोडस 'स्वकर्ण'च्या बटणावर बोट ठेवून केतकीच्या खुणेची वाट बघत होते. वादकांनी सूर धरला. केतकीनं आईकडे पाहिलं.

मग तिनं होकाराची मान हलवली, वर बोडसांनी बटण दाबलं आणि तिनं श्वास घेतला.

तिनं तोंड उघडण्याआधीच आईचे डोळे मिटले. चेहरा समाधानानं उजळला, मान डोलू लागली.