एस्कीवरून आलेला माणूस

टीगननं त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा तो बिअरच्या खोक्याला मिठी मारून, डोळे घट्ट मिटून, समुद्रात लाथा झाडत तिच्याकडे येत होता. आता यात प्रेमात पडण्यासारखं काय आहे, सांगा बरं! पण पडली बाई.

गोष्ट मार्चमधली. खडकावर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला लाटेनं ओढून नेलं. टीगन वॅरोना बेच्या जीवरक्षक क्लबची कप्तान. तिनं मागचापुढचा विचार न करता उडी घेतली, म्हाताऱ्याला गाठलंही. पण पुढच्याच लाटेनं दोघांना खडकावर आपटलं आणि तिचा खांदा निखळला. किनाऱ्यावर त्या वेळी होता कोण, तर सुट्टीला आलेला ब्राइस पॅस्को — चारशे किलोमीटर आत, कोरड्या मुलखात मेंढरांची लोकर कातरणारा गडी. पोहायला येतं म्हणावं, तर छे! त्यानं गाडीतली एस्की, म्हणजे बिअर थंड ठेवायचं ते खोकं, उचललं, बाटल्या वाळूत ओतल्या आणि पाण्यात शिरला. बोट येईपर्यंत पाऊण तास तिघं त्या खोक्याला लटकून होते.

"तू जीवरक्षक ना?" थंडीनं दात वाजत असताना ब्राइसनं विचारलं होतं.

"हो."

"मग… रक्षण कधी सुरू करतेस?"

निखळलेल्या खांद्यानिशी ती हसली होती. त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन यायचा. मेंढरांच्या तक्रारी, तिच्या खांद्याची चौकशी, मग उगाचच लांबलेली शांतता… फोन ठेवायचा कुणी, यावरून भांडण. आणि तिनं, त्याला न सांगता, त्याचं नाव सन्मानासाठी पाठवलं.

ऑक्टोबरात एका मंगळवारीच फोन वाजला.

"हे तुझंच काम ना?"

"कुठलं रे?"

"उगाच भोळेपणा नको! गव्हर्नर-जनरलच्या कचेरीतून पत्र आलंय. नागरिकांसाठीचं देशातलं सगळ्यात मोठं शौर्यपदक… मला! घेणार की नाही, पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवा म्हणतात. मी नाही म्हणून कळवतोय."

"ब्राइस, ऐक तरी—"

फोन बंद. त्या रविवारी फोन आलाच नाही. तिनं लावला तर उचलला नाही. पदक गेलं तर गेलं, पण हा माणूसही आपल्या हातून चाललाय, हे तिला लख्ख कळलं. गुरुवारी पहाटे तिनं गाडी काढली.

कातरणीच्या शेडमध्ये तिनं पाऊल टाकलं तोच कुणीतरी ओरडलं, "तळ्यात बदकं आली रे!" बाईमाणूस आलं की द्यायची ही जुनी हाळी.

"आणि मी काय गेली वीस वर्षं बदक नव्हते वाटतं?" लोकर निवडणाऱ्या मॉरीननं टोमणा हाणला. मग टीगनकडे वळली, "कोण हवंय गं पोरी? कुणीही असो, सुट्टीची घंटा होईपर्यंत थांब. घंटेआधी इथं कुणी यंत्र बंद करत नाही. शेड पेटली तरी हातातलं मेंढरू संपवूनच पळतील हे लोक."

ब्राइसनं तिला पाहिलं होतं. कान लालभडक झाले होते त्याचे. पण मान खाली घालून तो कातरत राहिला. एक मेंढरू सुटलं की लगेच दुसरं ओढून आणायचा. टीगन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ठीक आहे! कातर तू. मी बोलते," यंत्राच्या आवाजावर ती ओरडली. "का नाही म्हणतोस? मित्र चिडवतील म्हणून?"

"चिडवतातच ते. त्याचं काय!"

"मग?"

त्यानं मेंढराची कूस बदलली. लोकर पायाशी साचत होती.

"मी उभा होतो, टीगन," तो शेवटी म्हणाला. "तू ओरडत होतीस आणि माझे पाय हलेनात. नऊ लाटा मोजल्या मी. आणि मग… गाडीकडे वळलो. एस्की आणायला नव्हे. पळून जायला. दार उघडलं तेव्हा ती एस्की दिसली. असल्या माणसाच्या छातीवर पदक लावतात होय?"

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तू पाठ फिरवलीस ते. मी पाण्यातून बघत होते ना! संपलं सगळं, असं वाटलं मला तेव्हा. अर्जात तसंच्या तसं लिहिलंय मी. त्यांनी ते वाचूनच तुला निवडलंय, मूर्खा!"

त्याचा हात थबकला.

"मला पाण्याची भीती कधी वाटलीच नाही," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरात जावं तशी समुद्रात जाते. त्यात माझं कसलं कौतुक? पण तू… तुला पोहता येत नाही, गाडीची किल्ली हातात, दार उघडं. आणि तू परत फिरलास. एवढं मोठं काही मी जन्मात पाहिलेलं नाही. आजही आठवलं की अंगावर काटा येतो माझ्या."

ब्राइसनं वर हात केला, दोरी ओढली आणि यंत्र बंद केलं. घंटेला अजून वीस मिनिटं होती. एकेक करत शेडमधली सगळी यंत्रं थांबली. अर्धवट कातरलेलं मेंढरू अंगावरची लोकर लोंबवत पळालं, पण त्याला अडवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"पदक घेतो," तो हळूच म्हणाला. "पण एक खरं सांगू? आता त्या दिवसापेक्षा जास्त भीती वाटतेय."

"कसली?"

"तुला विचारायची. माझ्याशी… म्हणजे कायमचं… आणि तू नाही म्हणालीस तर?"

मॉरीननं चक्क हातातली लोकर खाली ठेवली.

टीगननं त्याचे लोकरीतल्या तेलानं माखलेले हात आपल्या हातांत घेतले. "वेड्या, याच भीतीनं येताना मी तीनदा गाडी परत वळवली होती," ती म्हणाली. "तीनदा! आणि तरी आलेच ना?"