मिहरेतचं ऊन

गेताहुनने लेकीला बगलेत धरून जमिनीवर उभं केलं, आणि धनुष्यासारखे वाकलेले तिचे पाय पाहून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं... ट्रक घेऊन गेलेला तो फार दिवसांनी घरी आला होता. मिहरेत दोन वर्षांची होत आली, तरी अजून पाऊल टाकत नव्हती.

"आई ब्लँकेटच्या कारखान्यात, मग लेकराला दूध कुठून पुरणार?" त्याची आई झेनेबेच चुलीकडे पाहत म्हणाली.

त्याची बायको अस्नाकेच पोरीला शालीत गुंडाळू लागली. दिवसभर मागापाशी उभं राहून तिचे पाय ठणकत होते, आणि सासूचे हे बोल तिला आता पाठ झाले होते.

दुसऱ्या दिवशी तिघंही पोरीला घेऊन देब्रे बेर्हानच्या दवाखान्यात गेली. नर्सने तिची सुजरी मनगटं चाचपली. "मुडदूस आहे. आमच्याकडे अशी पुष्कळ लेकरं येतात. उन्हात नेता का हिला?"

जन्मल्यापासून मिहरेतला शालीत गुंडाळून आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं ते सासूबाईंनी... ऊन बाधेल, कुणाची दृष्ट लागेल म्हणून. त्यांची थोरली लेक सणाच्या दिवशी अंगणात खेळून आली, तापाने फणफणली आणि गेली, तेव्हापासून उन्हाची त्यांनी धास्तीच घेतली होती. आता म्हातारीने शाल पोरीच्या डोक्यावरून आणखी ओढून घेतलेली अस्नाकेचला दिसली, आणि तिचं मन कळवळलं.

"मीच नाही नेलं," ती म्हणाली. "मला भीती वाटायची."

"आई ना तू तिची?" गेताहुन एवढंच म्हणाला. घरी येईपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही, सासूबाईही नाहीत. औषधाची बाटली उराशी धरून ती चालत राहिली... रडायलाही अंगात त्राण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एकदा ती कामावरून परतली, तर फाटकाशीच थबकली. सासूबाई अंगणात उन्हात बसल्या होत्या, मांडीवर उघडी मिहरेत.

"अगं, अशी उघड्यावर? दृष्ट लागेल की," शेजारची तिरुनेश कुंपणापलीकडून म्हणत होती.

"लागायची ती मला लागो. पोरीला अंधारात कोंडलं ते मी, सुनेनं नाही. गेताहुनला सकाळीच सांगितलंय. आता तूही ऐक."

तिरुनेश आत गेली. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, पण नजर फार वेळ टिकली नाही.

"ये, बस हिच्याजवळ. दमली असशील. कॉफी मी करते."

सासूने सुनेसाठी कॉफी केल्याचं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं. अस्नाकेच बसली. मिहरेतच्या पोटऱ्या उन्हाने कोमट झाल्या होत्या... आतून कॉफीचे दाणे भाजल्याचा वास आला, आणि इतके दिवस अडून राहिलेलं रडू तिला तेव्हा फुटलं.