पाच वाजता मेन का उडतो?

"हात बाहेर! आधी हात बाहेर काढा!"

पहिल्या भेटीत कुणी कुणाशी असं बोलत नाही, निदान प्रेमाच्या गोष्टींत तरी नाही. पण ती दारात पोचली तेव्हा समोर एक तरुण काचेच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. टाकीखाली जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड लोळत होता. बोर्डात चार प्लग होते, आणि चारही चालू. ती तीन ढांगांत आत शिरली, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि त्याची बाही धरून हात वर ओढला.

"अहो, पंपाची जाळी साफ करत होतो मी!"

"खारं पाणी, खाली चार प्लग, आणि पायांत..." तिने खाली पाहिलं. "पायांत काहीच नाही. वा!"

"नऊ वर्षं असंच करतोय."

"म्हणजे नऊ वर्षं नशिबाने वाचताय. पाण्यात हात घालायच्या आधी सगळे प्लग काढायचे. सगळे. एकसुद्धा ठेवायचा नाही."

त्याच्या बोटांवरून पाणी तिच्या मनगटावर ओघळत होतं. टाकीतल्या निळसर उजेडात त्याचा चेहरा गोंधळलेला होता, आणि गोंधळलेला असूनही बराच छान दिसत होता. आपण अजून त्याची बाही धरून उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं... जरा उशिराच.

त्या रस्त्यावर सगळे तिला 'टेस्टर' म्हणायचे. केसांच्या अंबाड्यात तिच्या कायम एक टेस्टर खोचलेला असायचा. तिचं वायरिंग-दुरुस्तीचं दुकान रस्त्याच्या एका बाजूला, काकूंची लाँड्री बरोबर समोर, त्यांच्याच इमारतीत, आणि लाँड्रीच्या वरच्या खोलीत तीन महिन्यांपूर्वी राहायला आलेला हा व्हायोलिन दुरुस्त करणारा. खोलीभर व्हायोलिनं टांगलेली, सरसाचा आणि पॉलिशचा वास, आणि खिडकीला लागून ही शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. टाकीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एकच जोडी.

थंडी सुरू झाल्यापासून या इमारतीचा मेन स्विच पाचच्या सुमाराला उडत होता. मेन उडाला की काकूंच्या सगळ्या मशीन चादरी पोटात घेऊन बंद पडायच्या. आज काकूंचा संयम संपला होता. टेस्टरने अर्धा तास घालवून खालची मशीन न् मशीन तपासली, त्यांत काही सापडलं नाही, तिने मेन वर केला आणि ती जिना चढून आली होती. तिच्या मागोमाग काकूही धापा टाकत आल्या.

"सापडलं का?"

"सापडेल, काकू."

"रविवारपर्यंत सापडू दे. नाही सापडलं तर ही टाकी जाईल. टाकी नाही गेली तर टाकीवाला जाईल. माझी गिऱ्हाइकं ओल्या चादरींवर झोपणार आहेत का?" एवढं बोलून काकू आल्या तशा खाली गेल्या.

तो टाकीशेजारी स्टुलावर बसला. "मागच्या वेळी घर बदललं तेव्हा टाकी हलवली. चार मासे होते. दोन वाटेतच गेले," तो म्हणाला. "ही दोघं आता म्हातारी आहेत. पुन्हा हलवली तर..."

तिने अंबाड्यातून टेस्टर काढला.

"आज सोमवार," ती म्हणाली. "ही टाकी हलणार नाही. मी आजवर एकही बिघाड अर्धा सोडलेला नाही."

कामाला लागली की ती कुणाची नसे. बोर्ड उचलून तिने भिंतीवर टाकीपासून लांब, उंचावर बसवला. वायरींवर पांढरी पापुद्र्यासारखी खपली चढली होती. टाकीतलं पाणी शिंतडतं, वायरीवरून सरपटतं, वाळतं आणि मीठ मागे ठेवतं. ते मीठ एका प्लगच्या पितळेपर्यंत पोचलं होतं. सगळे प्लग काढून ओल्या फडक्याने तिने ते सगळं पुसलं, कोरडं केलं, आणि प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली झोळीसारखी लोंबेल अशी बांधली.

"हे कशासाठी?"

"पाणी वायरीवरून वाहत आलं तर इथे खाली टपकेल. प्लगमध्ये चढणार नाही."

"किती साधं आहे."

"साधंच असतं. कुणी करत नाही." मग मीटर लावता लावता तिने विचारलं, "रोज पाचला तुम्ही काय करता?"

"मी? काही नाही. पॉलिश... पॉलिश करतो."

"खिडकी उघडता?"

"छे! लाकडाला वारा सोसत नाही. या खोलीचं बरंच आहे, खालचा बॉयलर अहोरात्र चालू. खोली कायम गरम. टाकीच्या हीटरलाही फारसं काम पडत नाही."

बोलताना त्याचे कान लाल झाले होते. पॉलिशच्या वासाने कुणाचे कान लाल होत नाहीत, पण आपली टेस्टर त्या वेळी मीटरकडे बघत होती. मीटरला काहीच सापडलं नाही.

मंगळवारी पाचला ती स्वतः वर येऊन बसली. घड्याळ मांडीवर, नजर बोर्डावर. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. पंप गुणगुणत राहिला.

"पाणी कमी दिसतंय," ती म्हणाली. "वाफ होऊन उडालं असेल. मिठाचं पाणी कालवून देऊ का?"

"नको नको! उडतं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. वरून साधंच पाणी घालायचं, नाहीतर मासे लोणच्यात पडल्यासारखे होतील."

ती मोठ्याने हसली. आणि तो एका व्हायोलिनची तार जुळवायची सोडून तिच्याकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. तार... जरा उतरली होती."

बुधवारीही मेन उडाला नाही. तिने दोन तास वाट पाहिली. त्यातला किती वेळ मेनसाठी होता आणि किती व्हायोलिनच्या गजाला राळ घासणाऱ्या त्याच्या बोटांसाठी, याचा हिशोब तिने स्वतःलाही दिला नाही. मिठाची खपलीच दोषी होती असं ठरवून तिने काकूंना तसं सांगून टाकलं.

गुरुवारी पाचला ती नेहमीसारखी आपल्या दुकानाच्या पायरीवर चहा घेऊन बसली. हा तिचा रोजचा नेम होता. एककान्या बोका ठरल्या वेळी येई. त्याचं नाव तिने 'साहेब' ठेवलं होतं, आणि निम्मं बिस्किट त्याला देत ती त्याला दिवसभराचं गाऱ्हाणं सांगे.

"या साहेब. दोन दिवस आम्ही नव्हतो, तर तोंड फिरवून बसलात? आम्ही कामावर होतो हो. मासे बघत होतो. तुम्हाला सांगायला नको होतं, नाही का?"

पाच वीसला समोरची लाँड्री गप्प झाली. मग काकूंची हाक अख्ख्या रस्त्याने ऐकली.

त्या दिवशी टेस्टर जेवलीसुद्धा धड नाही. इतकी वर्षं हात काळे केले, आणि एक शंभर लिटरची टाकी आपल्याला खेळवते? शुक्रवारी ती पुन्हा वर जाऊन बसली. दोनदा काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं आणि दोनदा सरसाचं भांडं ढवळलं. मेन शहाण्यासारखा चालू राहिला. डॉक्टर आला की दुखणं पळून जातं, तसा हा बिघाड होता.

"परवा रविवार," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे मला." तिचा आवाज चढला. "तुम्ही सामान बांधायचं नाही. कळलं? मी अजून हरलेले नाही."

बिघाड सापडला नाही तर नाचक्की होईल, ते ती सोसेल. पण समोरच्या खिडकीत तो निळा उजेड नसेल... ते तिला सोसवणार नव्हतं. स्वतःशी तिने हे सरळ कबूल केलं. कारण नजरेआड करून बिघाड सापडत नाही, एवढं तिला धंद्याने शिकवलं होतं.

शनिवारी सकाळी तिने कागद घेतला. मंगळवार, बुधवार, शुक्रवार ठीक. सोमवार, गुरुवार मेन उडाला. काय बदललं? पंप तोच, दिवा तोच, बोर्ड तोच. पेन्सिल चावत ती बसली आणि मग एकदम थांबली. जे दिवस ठीक गेले, त्या दिवशी पाचला ती वर होती. मेन उडाला त्या दिवशी ती पायरीवर होती. बदललं होतं ते एकच... ती स्वतः!

मग तिला त्याच्या खिडकीची कड आठवली. कडेवर लाकडाचा बारीक भुसा साचलेला होता, फक्त दोन जागा स्वच्छ पुसलेल्या. कोपरं टेकल्यासारख्या.

पाचला ती पायरीवर बसली. साहेब आले. पण आज तिने बोक्याकडे पाहिलंच नाही, सरळ वर पाहिलं.

खिडकी सताड उघडी होती. कडेवर कोपरं टेकून तो उभा होता, आणि ती बघते आहे हे कळूनही मागे सरला नाही. गार वारा त्याच्या केसांतून आत जात होता, शेजारच्या टाकीवरून जात होता.

"हीटर!" ती ओरडली आणि चहा तिथेच टाकून धावली. ती जिन्यात असतानाच मेन उडाला.

खोलीत ती धापा टाकत उभी राहिली. "वाऱ्याने पाणी गार होतं. पाणी गार झालं की हीटर चालू होतो. आणि हीटर चालू झाला की करंट पाण्यात गळतो, म्हणून मेन उडतो. बाकी वेळ खोली गरम, हीटर बंद, म्हणून मीटरला काही दिसत नव्हतं." तिने हीटरचा प्लग काढला. त्याचा हात टाकीकडे वळला तशी ती गरजली, "थांबा! लगेच बाहेर काढायचा नाही. हीटरची गरम काच हवेत आली तर फुटेल. पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिटं," तो म्हणाला.

"तोवर सांगा. लाकडाला वारा सोसत नाही, तर ही खिडकी रोज पाचला का उघडते?"

पंप बंद असल्यामुळे खोली फारच शांत होती.

"काचेतून तुम्ही दिसता," तो म्हणाला. "पण ऐकू येत नाही."

"काय?"

"तुम्ही बोक्याशी बोलता ते. दिवसभर मी दुसऱ्यांच्या तारा कान लावून ऐकतो. पाचला मात्र... मला ते ऐकायचं असतं. गुरुवारी तुम्ही त्याला सांगत होतात, मासे बघत होतो म्हणून. मी हसत होतो, तेवढ्यात मेन गेला. तेव्हाच मला कळलं, खिडकीचंच काहीतरी आहे."

"आणि काल मी इथे दीड तास बसले, तेव्हा मूग गिळून बसला होतात?"

"कारण सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं. तोंडातून फुटेना. म्हणून आज खिडकी उघडली आणि उभा राहिलो. म्हटलं, दिसू दे तुम्हाला."

"घर गेलं असतं तुमचं! मासे गेले असते!"

"तुम्ही जाऊ दिलं नसतंत," तो म्हणाला.

तिने घड्याळाकडे पाहिलं. अजून नऊ मिनिटं होती. त्या नऊ मिनिटांत खिडकीच्या कडेवर टेकलेला त्याचा हात आणि तिचा हात यांच्यातलं अंतर कमी होत गेलं. ते कुणी कमी केलं, याची चौकशी करायला नको.

वेळ झाल्यावर तिने बाकीचे सगळे प्लग काढले आणि हीटर अलगद वर घेतला. काचेला केसाएवढी चीर होती. नळीच्या तळाशी चमचाभर पाणी डुचमळत होतं.

दारात काकू ओली चादर हातात घेऊन उभ्या होत्या. "सापडलं?"

"सापडलं, काकू. उद्या नवीन हीटर बसवते. टाकी राहील."

"आणि टाकीवाला?"

"तोही," ती म्हणाली. काकूंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि चादर झटकत खाली जाऊन मेन वर केला.

रविवारी नवीन हीटर बसला. सोमवारी पाचला ती पायरीवर आली, तेव्हा बशीत एकाऐवजी दोन बिस्किटं होती. समोर लाँड्री घरघरत होती. तिने वर पाहिलं. खिडकी उघडी होती, पण तिथे कुणीच नव्हतं. पाच वीस झाले, मेन उडाला नाही. पाच पंचवीस झाले. आता बिघाड उरला नव्हता, आणि तरीही ती खिडकीवरून नजर हटवत नव्हती.

इतक्यात जिन्याचं दार उघडलं. हातात चहाचा कप घेऊन तो रस्ता ओलांडून आला, पायरीशी थांबला. आज त्याच्या पायांत रबरी चपला होत्या.

"वरून ऐकू येतं," तो म्हणाला, "पण इथून जास्त नीट येईल."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ओठांवरचं हसू त्याला दिसलं असतं. ती शेजारी पसरलेल्या बोक्याकडे वळली.

"साहेब," ती म्हणाली, "सरका जरा."