हिरव्या थराखालचं दार

काम साधं होतं. शहरातल्या एका जुन्या घरात जिन्याखालची भिंत खरवडून नवा रंग द्यायचा. मालकीणबाई नव्या, त्यांना घराची काडीचीही माहिती नव्हती. मी एकेक थर काढत गेलो. वरचा पांढरा, आधीच्या डॉक्टरांचा. खालचा गुलाबी, त्याआधीच्या शिकवणीवाल्या बाईंचा. त्याखाली हिरवा निघाला आणि माझा हात थांबला. कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा होता, मधोमध आडवा व्रण. काम संपलं की माझे बाबा ओल्या रंगावर असाच अंगठा उमटवायचे.

अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं, ही भिंत नव्हतीच. दार होतं. फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, गच्च भरून बाबांनी वरून सफाईनं रंग दिला होता.

फट मोकळी केली तसा आतून गार, कुबट वास आला. आत कपाटाएवढी खोली, रिकामी. दाराच्या आतल्या अंगावर नखांचे ओरखडे, खाली खाली उतरत गेलेले.

बाबा तीन वर्षं घरी अंथरुणाला खिळलेले. मी फोन करून दाराचं विचारलं.

"मालक म्हणाले, सून वेडी आहे, ओरडेल... तू लक्ष देऊ नकोस. मी रंग देत राहिलो."

"आणि ती?"

"रंगाचा दुसरा हात मारेपर्यंत गप्प झाली..." मग आवाज अगदीच खाली गेला. "तू दार उघडलंस का रे?"

मला त्यांची किळस आली. तरी त्यांच्या आवाजातली भीती ऐकून घराकडे धावत सुटलो, शेवटी बाप होता.

भर दुपार होती. बायको कपडे वाळत घालून गच्चीवरून उतरत होती. म्हणाली, बाबांना विचारत एक बाई आल्या होत्या, त्यांना आत पाठवून मी वर गेले.

बाबांच्या खोलीचं दार हलेना. चारी फटी लांबीनं बुजवलेल्या, वर हिरवा रंग, अजून ओला. कोपऱ्यात बाईमाणसाच्या अंगठ्याचा ठसा.

पहारीनं दार फोडलं. ज्यांना कूस बदलता येत नव्हती ते बाबा उंबऱ्यापाशी पडले होते. नखं तुटलेली, श्वास थांबलेला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तुम्ही सांत्वनाला आत आलात तेव्हा मी तुम्हाला दार लावू दिलं नाही, त्याचा राग मानू नका. त्या बाईचा हिरव्या रंगाचा डबा काही सापडला नाही. आणि बाबांच्या दारावर रंगाचा एकच हात मारलेला होता.