बेडूक कुणाचा?

भंगारवाल्याच्या दुकानात एका जुन्या फ्लॉपी ड्राइव्हवर दोन हात एकदमच पडले. एक माझा, एक त्याचा.

"मी आधी पाहिला," तो म्हणाला.

"मी आधी धरला."

"वकिलाशी भांडताय तुम्ही."

"मग ताबा कुणाचा, ते तुम्हीच सांगा."

तो हसला. हात मात्र काढला नाही... मीही नाही.

त्याला एकच फ्लॉपी वाचायची होती. त्याच्या आत्याने तरुणपणी एका कंपनीत मुलांसाठी गणिताचा खेळ लिहिला होता. बेरीज बरोबर आली की बेडूक पुढच्या दगडावर उडी मारतो, चुकली की पाण्यात पडतो. वाचनालयाच्या तळघरात माझं हेच काम – जुने प्रोग्राम मरायच्या आत उतरवून घ्यायचे आणि आजच्या संगणकावर चालते करायचे. ड्राइव्ह मी घेतला. तो माझ्यामागोमाग आला.

फ्लॉपीला बुरशी लागली होती. आतली चकती काढून मी स्पिरिटने पुसत होते आणि तो श्वास रोखून बसला होता.

"श्वास घेतलात तरी चालेल."

"तुमच्या हातांकडे बघताना विसरतो..."

अखेर पडद्यावर हिरवा बेडूक उमटला. माझ्या शेजारी तो आनंदाने ओरडला आणि पहिलीच बेरीज चुकला.

"वकीलसाहेब, सात आणि आठ पंधरा."

"तुम्ही शेजारी बसलात की चौदाच होतात."

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. त्या कंपनीचे इतरही प्रोग्राम माझ्याकडे होते. वर वाचनकक्षात मुलं बेडकाला पाण्यात पाडून खिदळायची.

"हे ठेवायची परवानगी आहे तुझ्याकडे?" त्याने एकदा विचारलं.

"कंपनी बुडाली. तिला दुसरीने घेतलं, दुसरीला तिसरीने. हक्क कुणाकडे, ते त्यांनाही ठाऊक नाही."

"मग विचारायचं."

"आमच्या कामात विचारत नाहीत, राजा. निजलेल्याला उठवलं की तो आधी 'नाही' म्हणतो."

तो पुन्हा बेडकाच्या बेरजांकडे वळला. मला वाटलं, पटलं.

त्याने त्या तिसऱ्या कंपनीला विचारलं. मला न सांगता – माझ्या वाढदिवसाला परवानगीचं पत्र हातात ठेवायचं म्हणून. खेळावर आत्याचं नाव यावं, म्हणूनही. उत्तर आलं ते असं: हक्क बहुधा आमचेच आहेत. आमच्या सर्व प्रोग्रामच्या सर्व प्रती नष्ट करा, आणि ज्या वकिलाने विचारणा केली त्यानेच तसं लिहून द्यावं.

'बहुधा'... एवढ्याशा शब्दावर!

ग्रंथपालबाई भांडल्या, मग थकल्या. "खटला कोण लढवणार गं? आपल्या ओळखीचा एकच वकील, आणि सही त्याचीच मागतायत. पुसून टाक."

आत्याची फ्लॉपी त्याने स्वतः आणून दिली. ती मी कात्रीने कापली. मग वाचनकक्षातल्या संगणकावरचा बेडूकही पुसला, त्या कंपनीचे बाकीचे प्रोग्रामही.

तो खुर्ची ओढून शेजारी बसला.

"मीच धोंडा घातला तुझ्या कामावर."

"सही केलीस?"

"केली. खोटी ठरली तर सनद जाईल माझी." त्याने माझ्याकडे पाहिलं. "एकही प्रत उरली नाही ना?"

माझ्या घरी, कपाटात, बेडूक होता. बाकीच्या सगळ्यांसकट. सांगितलं असतं, तर एक तर त्याने मला पकडून दिलं असतं, नाहीतर तो जन्मभर माझ्यासाठी खोटं वागला असता. यातलं काहीही त्याला सोसलं नसतं.

"नाही," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. "वाटलं होतं, लपवली असशील एखादी... पण तू खोटं बोलत नाहीस. म्हणून तर इतकी आवडतेस मला." त्याने माझा हात हातात घेतला. हे तो पहिल्यांदाच बोलत होता. "आत्याकडे चल. तिला सांगतो – बेडूक गेला, पण ही मिळाली."

ते कपाट ज्या घरात असेल, तिथे त्याला कसं आणणार? आणि कपाट रिकामं करणं मला जमणार नव्हतं.

मी हात सोडवून घेतला.

"रागावलीस? मी विचारलं म्हणून?"

"हो," मी म्हटलं.

पहिल्यापेक्षा हे खोटं त्याला लवकर पटलं.